जुन्या कॅम्पर गाडीत मुरलेलं पाणी: आधी उघडा, वाळवा, मगच बुजवा

सर, तुमचा प्रश्न इतरांच्याही कामाचा आहे, म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. टाटा ४०७ च्या चेसिसवर गॅरेजात बांधलेली एक जुनी राहण्याची गाडी तुम्ही निवृत्तीनंतर विकत घेतली. ती अंबाजोगाईजवळ एका शेतात दोन पावसाळे उभी होती. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय आणि मध्ये ग्लासवूल (उष्णता अडवणारी काचेच्या तंतूंची लोकर). मागच्या डाव्या कोपऱ्यात पाय ठेवला की खालचा प्लाय दबतो, छताला मधोमध तपकिरी डाग पडलाय, आत कुबट वास येतो आणि वहिनींना दम्याचा त्रास आहे. मिस्त्री म्हणाले, "वरून डांबरी शीट चिटकवू, खाली जुन्या प्लायवर नवीन प्लाय ठोकू, दोन दिवसांत गाडी ओके." हे करावं का, आणि हे नाही तर मग काय, असं तुम्ही विचारलंय.

हे करू नका. मिस्त्रींचा हात चांगला असेल, वेल्डिंगला ते तुम्हाला लागतीलही, पण या सल्ल्याने गाडी वाचणार नाही. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. ओल त्याखाली आणली की तिची वाढ थांबते. ओल्या प्लायवर नवीन प्लाय ठोकला की खालच्या ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही. ती तिथंच कोंडते आणि वर्षभरात नवा प्लायही खालून जायला लागतो. शिवाय नव्या प्लायचे स्क्रू धरणार कशाला? खाली तर भुसा झालाय. डांबरी शीटचं दुखणं आणखी वेगळं. आपल्याकडच्या उन्हात काळं छत बेसुमार तापतं, डांबर मऊ पडून सरकतं, आणि ॲल्युमिनियमवर एकदा डांबर बसलं की पुढे कुठलंही चांगलं सीलंट, म्हणजे जोड बुजवायचा चिकट मसाला, तिथं धरत नाही. म्हणजे आज दोन दिवस वाचवायला जाऊन उद्याची खरी दुरुस्ती अवघड करून ठेवायची.

माझं या कामातलं ठाम मत असं आहे: आतून उघडून बघितल्याशिवाय गळती बुजवू नये, आणि बुजवल्यावर पाणी मारून बघितल्याशिवाय आतून बंद करू नये. पुढे जे लिहितोय ते सगळं यातूनच येतं.

सगळ्यात आधी गाडीखाली जा. प्लाय, पत्रा, सीलंट हे सगळं बदलता येतं, पण चेसिसच्या दोन लांब पट्ट्या गंजून पापुद्रे सुटले असतील, तर वरच्या घरावर पैसा घालण्यात अर्थ नाही. लहान हातोडीने ठोकत जा. निरोगी लोखंड खणखणतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. बॉडी चेसिसवर जिथं बोल्टांनी धरलेली असते त्या जागा विशेष बघा. त्याच वेळी आरसी काढून नोंदणीची तारीखही पाहून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते जवळ आलं असेल तर चेसिसचं काम आधी उरका. दुरुस्ती करताना गाडीचं मूळ स्वरूप बदलू नका. छत उंचावणं, खिडकीच्या जागी दार काढणं असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात आणि त्याला आरटीओची परवानगी लागते. कुजलेलं काढून तसंच नवीन बसवणं ही साधी दुरुस्ती झाली.

आता पाणी कुठून आलं ते बघू. या कामातला निम्मा वेळ इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. पाणी शिरतं एका जागी, वाहतं दुसरीकडून आणि साचतं तिसरीकडेच. तुमच्या पत्रात एक गोष्ट सहज येऊन गेली आहे, पण माझ्या दृष्टीने तीच मोलाची आहे: गाडी काळ्या रानात उभी होती आणि मागचं डावं चाक रुतलं होतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उभी असलेली जड गाडी दर हंगामात थोडी थोडी कलत जाते. छताच्या मधोमध कुठं तरी शिरलेलं पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने, सांगाड्याच्या पाइपावरून घरंगळत सगळ्यात खालच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथं प्लाय पीत बसला. म्हणून मागचा डावा कोपरा कुजलाय याचा अर्थ छत तिथं फुटलंय असा नाही. छतावर सामानाचा कॅरियर आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याच्या पायांचे बोल्ट पत्र्यातून आरपार गेलेले असतात. माझा पहिला संशय त्यांच्यावर आहे.

पण संशयावर काम करू नका. आधी डागाचा रंग वाचा. पावसाचं पाणी छतावरची धूळ, कडुनिंबाचा पाला आणि प्लायचा रस घेऊन उतरतं, त्यामुळे त्याचा डाग तपकिरी, कडेला गडद असतो. गाडीतल्या टाकीचं किंवा पाइपचं पाणी गळत असेल तर आपल्याकडे ते बहुधा बोअरचं असतं, जड, क्षाराचं. ते वाळलं की पांढरी कडा सोडतं, बोटाने घासली तर खरखरीत लागते. बेसिनखाली, टाकीच्या बुडाला, गिझरच्या जोडाला अशी पांढरी रेघ दिसली तर ती गळती आभाळातून आलेली नाही. वास आणि कुजणं दोन्हीकडून सारखंच असतं, त्यामुळे लोक छत फोडून बसतात आणि दोष निघतो सिंकच्या वायसरात.

खिडक्यांचं वेगळं सांगावं लागेल, कारण आपल्या भागात ही फार सापडणारी गोष्ट आहे. सरकत्या काचेच्या खिडकीला खाली पन्हळ असते आणि त्या पन्हळीला बाहेरच्या बाजूने दोन-तीन बारीक भोकं असतात. पावसाचं पाणी पन्हळीत यावं आणि भोकातून बाहेर जावं, अशी ती रचनाच आहे. आठ महिने धूळ खाल्ली की पन्हळीत मातीचा थर बसतो, पहिल्या वळिवात त्याचा चिखल होतो आणि भोकं लिंपून टाकतो. मग पन्हळ भरते, पाणी आतल्या ओठावरून सांडतं आणि थेट भिंतीच्या प्लायमागे उतरतं. बाहेरून खिडकी अगदी शाबूत दिसते. लोक काचेभोवती सिलिकॉन भरत राहतात, काही जण तर ती भोकंच गळतीची जागा समजून बुजवतात. तुम्ही फक्त एक बारीक तार घ्या, भोकं मोकळी करा, ब्रशने पन्हळ साफ करा आणि तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतंय का बघा.

यानंतर पाण्याची चाचणी. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर साधा पाइप घेऊन. सर्व्हिसिंग सेंटरवरचा जोराचा फवारा अजिबात नको, तो चांगल्या जोडातूनही पाणी घुसवतो. सुरुवात खालून करा आणि एकेक जोड करत वर जा: आधी चाकाच्या कमानी, मग भिंतीचा खालचा जोड, मग खिडकी, मग छताची कड आणि सगळ्यात शेवटी कॅरियरचे पाय आणि छतावरचं हवा खेळवायचं झाकण. प्रत्येक जागी दहा मिनिटं तरी पाणी सोडा. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या जोडांवरून एकदमच ओघळतं आणि आत थेंब दिसला तरी तो कुणाचा ते कळत नाही. ज्या जागी आत ओल दिसली तिथं बाहेरून मार्करने खूण करा, तारीख घाला आणि फोटो काढा. गळती बहुधा एका ठिकाणी नसते. पहिली सापडली म्हणून थांबू नका.

चाचणीआधी छताचा डागाळलेला प्लाय आणि त्या कोपऱ्यातला भिंतीचा खालचा प्लाय उतरवून ठेवलेला बरा, म्हणजे थेंब उगमापाशी दिसतो. उतरवायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गॅस सिलिंडर गाडीबाहेर ठेवा, बाहेरून वीज जोडलेली असेल तर ती तोडा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. ग्लासवूलची कुसं आणि बुरशीची भुकटी दोन्ही छातीत जायला नकोत. वहिनींना हे काम संपून गाडी स्वच्छ पुसून होईपर्यंत आत येऊ देऊ नका. गाद्या, उशा, पडदे भिजून बुरशीला लागले असतील तर धुऊन वापरायचा मोह टाळा, ते टाकून द्या. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर घाला, कुजलेला असला तरी, कारण नवीन प्लाय कापायला तोच नमुना लागतो.

किती काढायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. डागापुरतं काढून भागत नाही. टोकदार पेचकस घ्या आणि वीतभर अंतरावर टोचत जा. टोक अडलं तर खडूने गोल, घुसलं तर फुली. तासाभरात तुमच्यासमोर नकाशा तयार होतो आणि फुल्या डागाच्या बऱ्याच बाहेर गेलेल्या दिसतात. शेवटच्या फुलीच्या पुढे आणखी वीतभर निरोगी भागात जाऊन काप घ्या. लाकडाचा मॉइश्चर मीटर मिळाला तर जरूर घ्या. आडतीवर सोयाबीनचं मॉइश्चर बघतात तसंच हे, फक्त याला दोन सुया असतात आणि त्या लाकडात खुपसायच्या असतात. आकडा १५ च्या खाली असेल तर निश्चिंत राहा, १५ ते २० मध्ये वाळवून पुन्हा बघा, २० च्या वर असेल तर तिथं कुजणं सुरू आहे किंवा होणार आहे. सुई आतल्या खिळ्याला किंवा पत्र्याला टेकली तर आकडा खोटा येतो, म्हणून एका जागी तीनदा मोजा.

भिजलेली ग्लासवूल वाळवून परत घालू नका. ती पाणी धरून ठेवते, खाली बसते आणि पाइपाला चिकटून तो गंजवते. सगळी काढा.

वाळवण्याच्या बाबतीत मात्र आपण मराठवाड्यातले लोक भाग्यवान आहोत. कोकणातल्या माणसाला गाडी वाळवायला मशीन लावावं लागतं. आपल्याकडे होळीनंतर दुपारची हवा इतकी कोरडी होते की लाकडातली ओल ती ओढून घेते. म्हणून कामाचं वेळापत्रक असं धरा: होळी झाली की उघडायचं आणि मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, छत पक्कं झालेलं असलं पाहिजे. गाडी उन्हात बंद करून ठेवली तर वाळत नाही, आतली वाफ आतच फिरते आणि रात्री पत्र्यावर दवासारखी उतरते. दोन्ही टोकांच्या खिडक्या उघड्या ठेवा, एका बाजूला पंखा बाहेर तोंड करून लावा. शक्यतो गाडी सपाट, मुरमाड जागी न्या आणि सगळी चाकं एका पातळीत आणा. ताडपत्री मात्र हाताशी असू द्या. एप्रिल-मेचा वळीव सांगून येत नाही, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपल्याकडचा कुणी विसरलेला नाही. प्लाय आठ-दहा दिवसांत वाळतो, लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या जाड लाकडी पट्ट्या असतील तर त्यांना तीन आठवडेही लागतात. मीटर नसेल तर संध्याकाळी लाकडावर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी टेपने चिकटवा. सकाळी कागदाच्या आतून बाष्प दिसलं तर लाकूड अजून ओलं आहे. किती दिवस झाले हे मोजत बसू नका, या कागदावर विश्वास ठेवा.

वाळलेल्या आणि अजून टणक असलेल्या लाकडावर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाण्यातलं द्रावण ब्रशने दोनदा मारा, मध्ये वाळू द्या. बुरशी आणि वाळवी दोघांनाही ते आवडत नाही. मुलाबाळांपासून आणि भांड्यांपासून ते लांब ठेवा, आणि लक्षात ठेवा, मऊ पडलेलं लाकूड त्याने पुन्हा कडक होत नाही. भुसा झालेल्या लाकडात इपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रसायन) ओतून ते दगडासारखं करता येतं हे खरं आहे, पण ते स्क्रूच्या भोकापुरतं किंवा तळहाताएवढ्या जागेपुरतं. आख्खा कोपरा इपॉक्सीवर उभा करू नका.

आता लोखंड. तुमच्या गाडीतली मूळ अडचण मला इथे दिसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. ४ मीटर लांबीच्या छताचं तापमान ४० अंशांनी वाढलं तर पत्रा सुमारे पावणेचार मिलिमीटर लांब होतो आणि तेवढ्याच तापमानाला खालचा लोखंडी पाइप सुमारे दोन मिलिमीटर. मेमधल्या दुपारी तापलेल्या पत्र्यावर अचानक वळीव कोसळला की तो काही मिनिटांत तेवढाच आकसतो, पाइप मात्र अजून गरमच असतो. दोघे रिव्हेटांनी एकमेकांना जखडलेले. हे वर्षानुवर्षं चाललं की रिव्हेटची भोकं लांबट होतात आणि मधलं कडक झालेलं सीलंट फाटतं. त्यात ओल असेल तर ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथं एकमेकांना टेकतात तिथं ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. रिव्हेट काढल्यावर पत्र्याखाली पांढरी भुकटी दिसली तर ती हीच. म्हणून या दोन धातूंमध्ये नेहमी काहीतरी मऊ आणि पाणी न पिणारं असलं पाहिजे.

उघड्या पडलेल्या पाइपांना तारेच्या ब्रशने घासा आणि हातोडीने वाजवून बघा. पेचकस आरपार गेला तर तेवढा तुकडा कापून त्याच मापाचा, त्याच जाडीचा नवीन पाइप वेल्ड करावा लागेल. इथे तुमचे मिस्त्री हवेत. वेल्डिंग सगळ्या सीलंटच्या, फोमच्या आणि प्लायच्या आधी झालं पाहिजे, ठिणगी फार लांब जाते, जवळ पाण्याची बादली आणि अग्निशामक ठेवा. अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा आणि बॅटरीबरोबर आल्टरनेटरच्या वायरीही सोडवा. चौकोनी पाइप आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यात खालच्या आडव्या पाइपाला खालच्या बाजूने ६ मिलिमीटरची भोकं पाडा, म्हणजे पुढे कधी पाणी गेलंच तर ते साचणार नाही. गंजावरच रेड ऑक्साइड फासायची आपल्याकडे रीत पडली आहे, पण सुटणाऱ्या गंजावर मारलेला कुठलाही रंग गंजाबरोबरच सुटतो. चकाकेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर (गंज घट्ट करून थांबवणारं रसायन) लावा, त्याच्या डब्यावर लिहिलंय तेवढं वाळू द्या आणि मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात.

सांगाडा तयार झाला की बाहेरून बुजवायला घ्या. जुनं सिलिकॉन पूर्ण काढा. सिलिकॉनवर काहीच धरत नाही, रंग नाही, पॉलियुरेथेन सीलंट नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट नाही. टर्पेंटाइनने ते विरघळत नाही, प्लास्टिकच्या खरवडणीने सोलूनच काढावं लागतं, वेळ जातो. स्वस्तातलं, लावताना आंबूस वास येणारं सिलिकॉन तर धातूजवळ आणूच नका, वाळताना त्यातून ॲसिड सुटतं आणि लोखंड गंजवतं. कॅरियरचे पाय, झाकणाची चौकट, खिडकीची चौकट अशा जागी चौकटीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) घाला, बोल्ट सगळीकडून सारखे आवळा, आणि आठवड्याने उन्हात टेप दबला की पुन्हा थोडे आवळा. बाहेर आलेला टेप ब्लेडने कापून टाका. पत्र्याच्या लांब जोडांना पॉलियुरेथेन सीलंट, त्यावर शेवटी रंग, कारण उघड्या उन्हात तेही भुसभुशीत होत जातं.

पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने पिकतं. कोरड्या मेमध्ये ते आपल्याकडे सावकाश पिकतं, एरवी दिवसाला साधारण ३ मिलिमीटर धरतात, त्याहून जास्त वेळ द्या आणि उगाच बोट लावून बघू नका. दुसरं, दुपारी तापलेल्या पत्र्यावर ते लावलं तर खालून फुगे येतात आणि प्रत्येक फुगा म्हणजे उद्याचं भोक. छतावरचं काम पहाटे पत्रा गार असताना करा, ऊन चढलं की उतरा. घाई करणारा कारागीर दुपारी बारालाच छतावर चढलेला मी पुष्कळदा बघतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी परत येते.

रिव्हेट बदलताना बंद तोंडाचे घ्या. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपू शकतं, आणि छतावर असे शेकडो रिव्हेट असतात. प्रत्येक भोकात आधी सीलंटचा ठिपका, मग रिव्हेट. भोक लांबट झालं असेल तर एक माप मोठा रिव्हेट. शेवटी छताला पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. आत गारवा येईलच, पण मुख्य म्हणजे पत्र्याची रोजची ताणाताण कमी होते आणि जोड जास्त वर्षं टिकतात.

हे झाल्यावर, आत सगळं उघडं असतानाच, पुन्हा पाण्याची तीच चाचणी. कोरडं निघालं तरच आतल्या कामाला हात लावा.

आतल्या कामात प्लाय चुकीचा घेतला तर सगळं पाण्यात जातं. कमर्शियल प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुकटीचा दाबून केलेला बोर्ड) इथे चालत नाही. एमडीएफला पाणी लागलं की तो फुगतो आणि परत बसत नाही. तळाला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, घ्या, शिक्का बघून घ्या. बजेट आवळायचं असेल तर स्लॅबच्या कामाचा फिल्म लावलेला चांगल्या प्रतीचा शटरिंग प्लाय तळाला चालतो, लातूर-नांदेडकडे सहज मिळतो. कुठलाही घेतला तरी प्लाय पाणी पितो तो कडेने. कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक इपॉक्सीने किंवा पॉलियुरेथेन कोटाने बंद झालं पाहिजे. महागड्या प्लायची कड उघडी ठेवणारे लोक बघितले की मला खरोखर वाईट वाटतं, कारण तेवढ्यासाठी सगळा खर्च वाया जातो. भिंतीपाशी तीनेक मिलिमीटरची फट ठेवून तिथं सीलंट भरा. खालच्या बाजूला रंगाचे दोन हात द्या आणि चाकाच्या कमानीत, जिथं चिखल सतत उडतो, तिथं प्लाय उघडा ठेवू नका, पत्र्याचं किंवा रबरी आच्छादन घाला.

ग्लासवूलच्या जागी बंद पेशींचा फोम, म्हणजे नायट्राइल रबर किंवा एक्सपीएस (थर्माकोलसारखाच पण घट्ट फोम), पत्र्याला मध्ये फट न ठेवता चिकटवा. याचं कारण पाऊस नाही, डिसेंबर-जानेवारी आहे. आपल्याकडे थंडीत रात्री पारा १० अंशांपर्यंत येतो. आत दोन माणसं झोपली की श्वासाने आणि घामाने रात्रीतून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं, आणि १ किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफेच्या रूपात आतच सुटतं. ती वाफ फटीतून थंड पत्र्यापर्यंत पोचली की तिथं पाणी होऊन प्लायमागे उतरते. छत कितीही पक्कं केलं तरी हे पाणी थांबत नाही. स्वयंपाक करताना आणि रात्री झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवायच्या, थंडी वाजली तरी. वहिनींच्या दम्यासाठी तर हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि बंद गाडीत गॅस जाळणं तसंही धोक्याचं.

या पहिल्या पावसाळ्यापुरतं छताचा आतला प्लाय आणि त्या कोपऱ्यातला भिंतीचा प्लाय नुसत्या स्क्रूवर धरा, फेविकॉल किंवा सनमायका लावू नका. दिसायला अपुरं दिसेल. पण मृगाचा पाऊस, श्रावणातली रिपरिप आणि सप्टेंबरमधला आपल्याकडचा दणका, तिन्ही वेगवेगळी परीक्षा घेतात. प्रत्येकानंतर चार स्क्रू काढून आत हात घालून बघता आलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत कोरडं राहिलं तर मग हवं ते फिनिशिंग करा.

खर्चाचं विचारलंय. यात सामानापेक्षा मजुरी मोठी आहे, आणि मजुरीतला मोठा वाटा उघडणं, घासणं, जुनं सिलिकॉन सोलणं यात जातो. ती कामं कौशल्याची कमी आणि चिकाटीची जास्त आहेत, तुम्ही स्वतः करू शकता. वेल्डिंग, रिव्हेट आणि छतावरचं सीलंट जाणत्या माणसाकडून करून घ्या. सीलंट आणि प्लाय यात पैसे वाचवू नका, पडदे-गाद्या-दिवे यात वाचवा.

मागचा डावा कोपरा उघडलात की तिथल्या उभ्या खांबाचा तळाकडचा हातभर भाग घासून साफ करा आणि समोरून, बाजूने, खालून असे तीन फोटो पाठवा. खांब तळाला पूर्ण खाल्ला गेला असेल तर तिथं तुकडा जोडून भागणार नाही, आख्खा खांब बदलावा लागेल आणि त्या आधी छताला आतून टेकू द्यावा लागेल. ते बघितल्याशिवाय मिस्त्रींना पाइप कापू देऊ नका.